सामनेवाला क्रमांक एक

नांदुऱ्यात स्टेशन रोडला, खताच्या दुकानाला लागून माझं ऑफिस आहे. वरच्या मजल्यावरची खोली जास्त हवेशीर होती आणि भाडंही कमी होतं, पण माझ्या निम्म्या पक्षकारांना जिना चढता येत नाही. म्हणून मी खाली युरियाच्या वासात बसते. वकिली सुरू केली तेव्हा बांधाचे, वाटणीचे दावे बाईमाणसाच्या हाती द्यायचे नाहीत असं या बाजूच्या लोकांनी जणू ठरवूनच टाकलं होतं. सीनिअर मंडळींनी माझ्याकडे अपघाताच्या केसेस सरकवल्या, कारण त्यात धावपळ फार आणि मान कमी. दवाखाने हिंडा, पोलीस स्टेशनच्या पायऱ्या झिजवा, दाखल्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागा. मी ते करत गेले आणि तेच माझं काम होऊन बसलं. आता कोणाचा हात गेला, पाय गेला की आसपासच्या गावांत लोक माझं नाव सुचवतात. मिरवावी अशी ही गोष्ट नाही, पण घर त्यावर चालतं.

इतक्या वर्षांत एक सवय लागली आहे. समोर माणूस रडत असला की मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवते आणि विचारते, गाडीचा विमा होता का? लोकांना ते कोरडं वाटतं. वाटू दे. विमा नसला तर पुढं त्यांना खरंच रडावं लागतं आणि तेव्हा पाणी द्यायला मी नसते.

त्या बाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या नवऱ्याच्या पाठीवर. ऑटोतून उतरवून त्यानं तिला पाठकुळी घेतलं होतं आणि तसंच आत आणून खुर्चीवर बसवलं. तिशीच्या आतबाहेरची असेल. डावा पाय गुडघ्याखालून नव्हता. पातळाचा घोळ तिनं त्या बाजूनं दुमडून मांडीखाली दाबून धरला होता. नवरा वरवट बकालकडच्या एका खेड्यातला, थोडी घरची शेती, बाकी दोघं मिळून दुसऱ्याच्या शेतात जाणारे. त्यांच्या मागोमाग एक तरुण पोरगा तिच्या कुबड्या हातात घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. हा बाईचा धाकटा भाऊ, पिंपळगाव राजाचा. गाडी चालवत होता तो हाच.

दिवाळीत सासुरवाशिणीला न्यायला भाऊ येतो. पुस्तकात त्याला मुराळी म्हणतात, आमच्याकडे नुसतं 'भाऊ न्यायले आला' म्हणतात. पूर्वी तो बैलगाडीनं यायचा, मग एसटीनं, आता मोटारसायकलवर येतो. त्याला चहा होतो, जेवण होतं, सासू सुनेच्या पिशवीत फराळाचं बांधून देते. एकदा का तो बहिणीला घेऊन उंबऱ्याबाहेर पडला की ती त्याच्या हवाली. परत त्याच दारात आणून सोडीपर्यंत तिचं जे काही बरंवाईट होईल ते त्याच्या माथी. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण इकडचं शेंबडं पोरही ते जाणून असतं. कायदा विचारतो, गाडी कशी चालवली. गाव विचारतं, नेलं कोणी. गावाचा प्रश्न सोपा आहे आणि त्याला उत्तरही लगेच मिळतं.

तर हा भाऊ पिंपळगाव राजाहून बहिणीच्या सासरी गेला, जेवला आणि तिला मागं बसवून निघाला. पूर्णेचा पूल मागं पडल्यावर, नांदुरा थोड्या अंतरावर असताना गाडी रस्त्याखाली गेली. भावाला खरचटलं. बहिणीचा पाय गाडी आणि रस्त्याकडेचा दगड यांच्यात सापडला. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तो वाचवायची खटपट केली आणि मग काढला.

हे सगळं मला नवऱ्यानं सांगितलं. गाडी रस्त्याखाली का गेली असं विचारल्यावर तो म्हणाला, जोरात होता, दुसरं काय. पोलिसांत फिर्यादही त्यानंच दिली होती. अपघाताच्या जागी तो नव्हता, पण फिर्यादीत 'भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे' हे शब्द होतेच. पोलिसांच्या लिखाणात उभी गाडी सोडली तर बाकी प्रत्येक गाडी अशीच चालते.

मी भावाला विचारलं, स्पीड किती होती?

तो कुबड्यांकडे बघत म्हणाला, "माही चूक झाली म्याडम."

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मी बाईकडे पाहिलं, बाईनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवरा म्हणाला की तो स्वतःच कबूल करतोय तर अजून काय पाहिजे. नंतर कळलं की अकोल्याला दवाखान्याच्या वऱ्हांड्यात सासूनं चार नातेवाइकांदेखत त्याला सुनावलं होतं, आमच्या घरून दोन पायांवर नेली होती. त्यानं मान खाली घातली आणि त्या दिवसापासून ती वर केलीच नव्हती. बहिणीच्या गोळ्याऔषधाला तो धावत होता, ऑटोवाल्याला हात करत होता, कुबड्यांची रबरं बदलून आणत होता. फक्त बोलत नव्हता.

मी त्यांना दोन रस्ते सांगितले. कायद्यात एक कलम असं आहे की त्यात चूक कोणाची हे विचारतच नाहीत. अपघात झाला, मोठी इजा झाली, गाडीला विमा आहे, एवढ्यावर भागतं. पण त्यात मिळणारी रक्कम ठरलेली असते, सगळ्यांना सारखी. दुसरा रस्ता लांबचा. त्यात गाडी चालवणाऱ्याची चूक सिद्ध करावी लागते. ती झाली की जखमीचं वय, कमाई, पुढं न होणारी कामं, नकली पायाचा पुन्हापुन्हा येणारा खर्च, असं सगळं धरून भरपाई मागता येते आणि ती पहिलीपेक्षा बरीच मोठी असते. पैसे दोन्हीकडे विमा कंपनीच देते, भावाच्या खिशातून काही जात नाही. मात्र अर्जात तो सामनेवाला क्रमांक एक, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो पहिला माणूस, असतो आणि दुसऱ्या रस्त्यानं जायचं तर बहिणीला शपथेवर सांगावं लागतं की याच्या बेफिकिरीमुळे माझा पाय गेला.

नवऱ्यानं क्षणभरही विचार केला नाही. मोठा रस्ता. मी त्याला दोष देत नाही. रात्री बायको घरात सरपटत मोरीपर्यंत जायची तेव्हा कंदील त्याला धरावा लागत होता, मला नाही. भावानंही दारातून मान हलवली. बाईला कोणी विचारलं नाही. मी विचारलं, पण तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि मी ते उत्तर समजून घेतलं.

नवरा झेरॉक्स काढायला बाहेर गेला आणि भाऊ ऑटो बघायला, तेव्हा ती पहिल्यांदा आपणहून बोलली. तिचा भाऊ तेव्हा दुसऱ्याच्या पिकअपवर होता, खेड्यापाड्यांतून कापूस भरून नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये आणून टाकायचा. पण एसटीत ड्रायव्हर म्हणून त्याचं काम होत आलं होतं. गाडी चालवायची परीक्षा तो पास झाला होता, पोलिसांकडून चारित्र्याची तपासणी तेवढी राहिली होती. या केसनं त्याला काही होईल का, असं तिला विचारायचं होतं. मी खरं ते सांगितलं. पोलिसांनी त्याच्यावर लावलेला खटला वेगळा आहे, त्यात तो सुटला तर वाट मोकळी होईल. शिक्षा झाली तर अपघात करणाऱ्याला एसटी स्टिअरिंग देणार नाही. आणि त्या खटल्यात मुख्य साक्षीदार तूच आहेस, इथं एक आणि तिथं एक असं तुला बोलता येणार नाही.

मी तिला हेही सांगितलं की पाय तुझा गेलाय, तू तुझं बघ. तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते काही समजलं नाही.

पुढं अपंगत्वाच्या दाखल्यासाठी बुलढाण्याला जावं लागलं. घाट चढून सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत तिथं ही रांग. या कामातली एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. डॉक्टर टक्केवारी काढतात ती पायाची, आणि कोर्टाला हवी असते ती त्या माणसाच्या कमाईची. तोच पाय कारकुनाचा गेला तर तो खुर्चीवर बसून नोकरी करतो. कापूस वेचणाऱ्या, उकिडवं बसून निंदणाऱ्या बाईचा गेला तर तिच्या हाताला कामच उरत नाही. माझं अर्धं आयुष्य हा फरक न्यायाधीश साहेबांना समजावण्यात गेलं आहे. म्हणून मी पक्षकारांना आधीच बजावून ठेवते की डॉक्टरांसमोर मर्दुमकी दाखवू नका. पण आपली माणसं! एरवी घरी कण्हतील, आणि डॉक्टरनं उठून दाखवा म्हटलं की पहिलवानासारखी उठतील.

हिनंही तेच केलं. डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक करता का? ती म्हणाली, करते. कसा करता? तर शेगडी जमिनीवर घेते आणि पोत्यावर बसून पोळ्या लाटते. नवरा मध्येच म्हणाला की नाही साहेब, आईच करते सगळं. तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, सासूबाई भाजी करते, पोळ्या मीच करते. बाहेर आल्यावर मी तिला थोडी बोलले. ती म्हणाली, करते ते करतेच म्हणावं लागन न वकीलबाई. मी कपाळाला हात लावला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात परतीच्या गाडीचा घोर होता.

भावाचा खटला नांदुऱ्याच्याच कोर्टात उभा राहिला. मी त्यात नव्हते, असू शकतही नव्हते. वकील लावायला त्याला मीच दोनदा सांगितलं होतं. आरोपीला दोष वाचून दाखवतात आणि विचारतात की गुन्हा कबूल आहे का. त्यावर 'नाही' म्हणायचं हे सराईत चोरालाही शिकवावं लागत नाही. हा एकटाच गेला आणि कबूल आहे म्हणाला. साहेबांनी त्याला समजावलं म्हणे, कबुलीचा परिणाम काय होईल ते नीट सांगितलं, वकील हवा का विचारलं. त्याचं आपलं तेच, माही चूक झाली. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिथंच बाकावर बसून राहायचं. दुपारी मी दुसऱ्या कामासाठी वऱ्हांड्यातून चालले होते तेव्हा तो मला दिसला. ताठ बसला होता. शिपायानं मला कारण सांगितलं.

संध्याकाळी तो ऑफिसात आला. मला वाटलं हा आता रडेल. त्यानं विचारलं, "आता ताईची केस पक्की झाली न म्याडम?"

मी म्हटलं, झाली. पण एसटी?

"एसटी जाऊ द्या. पिकअप हाय न."

खोटं कशाला बोलू, वकील म्हणून मला बरंच वाटलं. सामनेवाल्यानं फौजदारी कोर्टात चूक कबूल केलेली, याहून चांगला पुरावा मला आयुष्यात मिळाला नव्हता. विमा कंपनीनं कितीही हातपाय हलवले तरी आता काही उपयोग नव्हता. घरी गेल्यावर मात्र मला त्या पोराचं फार वाईट वाटलं. परीक्षा पास झालेलं पोरगं, ज्याच्या नोकरीवर अजून एक घर उभं राहिलं असतं, ते असं उठून जातं आणि सगळं देऊन टाकतं, वर विचारतं की पक्कं झालं ना. मी त्या रात्री जेवताना माझ्या नवऱ्यावर विनाकारण खेकसले.

बाईला ही बातमी माझ्याच ऑफिसात कळली. नवरा कौतुकानं सांगत होता, साळ्यानं एका शब्दात कबूल केलं, वकीलसुद्धा केला नाही. तिनं भावाकडे पाहिलं. तो दारात उभा होता, नेहमीसारखा. तिनं पाणी मागितलं आणि अर्धा ग्लास पिऊन ठेवून दिला.

मग साक्षीची तयारी. तिचं सांगणं प्रतिज्ञापत्रात आधीच लिहून दाखल झालं होतं. मी ते वाचून दाखवलं होतं, नवरा आणि भाऊ दोघंही सही कर म्हणत होते आणि तिनं सही केली होती. राहिला होता उलटतपास. विमा कंपनीचा वकील प्रश्न विचारतो त्याची एक चाल ठरलेली असते. 'हे म्हणणं खरं आहे का' अशी सुरुवात करून तो अर्जदाराला गैरसोयीचं असेल तेवढं एकेक वाक्य पुढं टाकतो, आणि साक्षीदारानं प्रत्येकाला 'खरं नाही' म्हणायचं असतं. मी पक्षकारांकडून हे घोकून घेते. एका म्हाताऱ्यानं ते इतकं मनावर घेतलं होतं की तुम्ही या केसमधले अर्जदार आहात हे खरं आहे का, यालाही त्यानं खरं नाही म्हणून ठणकावलं. या बाईला ते एका बैठकीत जमलं. मी विचारायची, तुम्हाला काहीच इजा झालेली नाही हे खरं आहे का? खरं नाही. तुम्ही पैशासाठी खोटा अर्ज केला? खरं नाही. आवाज स्वच्छ, मान सरळ. मी खूश होते.

भरपाईचा अर्ज खामगावच्या कोर्टात होता, तारखेला आम्ही तिकडे गेलो. नवऱ्यानं तिला नवं पातळ नेसवून आणलं होतं. भावाला मी येऊ नको म्हटलं होतं, तरी तो आला आणि दालनाच्या दारापाशी भिंतीला टेकून उभा राहिला. साहेबांनी बाईला पिंजऱ्यात उभं न करता खाली खुर्ची द्यायला सांगितली. शपथ झाली.

विमा कंपनीचे वकील माझ्याहून वयानं मोठे, सभ्य गृहस्थ. त्यांची प्रश्नांची माळ वर्षानुवर्षं तीच आहे, मला पाठ आहे, टायपिस्टलाही पाठ आहे. त्यांनी शेतीचं विचारलं, मजुरीचं विचारलं. ती नीट उत्तरं देत गेली. मग ते मुख्य मुद्द्याकडे आले, तेही जांभई आवरत, कारण समोर भावाच्या कबुलीची नक्कल पडलेली होती आणि आपण हरलो आहोत हे त्यांना माहीत होतं. हा प्रश्न विचारायचा असतो म्हणून त्यांनी विचारला. अपघात तुमच्या भावाच्या चुकीमुळे झाला नाही, हे म्हणणं खरं आहे का?

"खरं हाय," ती म्हणाली.

त्यांनी पुढच्या प्रश्नासाठी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. टायपिस्टचे हात थांबले. मी खुर्चीतून अर्धी उठले. साहेबांनी चष्मा काढला आणि बाईला प्रश्न समजला नसेल म्हणून साध्या भाषेत पुन्हा विचारला. भावाची चूक होती की नव्हती?

"समजला साहेब. त्याची चूक नव्हती. रोही आडवं आलं."

रोही म्हणजे नीलगाय, आणि माझ्या फायलीत कुठंच रोही नव्हतं. फिर्यादीत नव्हतं, पंचनाम्यात नव्हतं, प्रतिज्ञापत्रात नव्हतं. साहेबांनी तिला बोलू दिलं. तिनं सांगितलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी होती, डोक्याइतकी. रोही तुरीतून एकदम रस्त्यावर आलं. गाडी जोरात नव्हती. सासूनं दिलेला फराळाचा डबा तिच्या मांडीवर होता आणि तो तिनं एका हातानं नुसता धरला होता, गाडी जोरात असती तर तो कधीच पडला असता.

साहेबांनी विचारलं, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली की ती दवाखान्यात होती, फिर्याद मालकानं, म्हणजे नवऱ्यानं, दिली. आणि प्रतिज्ञापत्रावर सही? सही माहीच हाय, दोघंही कर म्हणत होते. मग भावानं तरी पोलिसांना का नाही सांगितलं?

साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले होते, त्यांना हे फोडून सांगायला हवं असं तिला वाटलं असावं.

"तो कसा सांगन साहेब? न्यायले आलता तो मले. माह्या सासूसमोर रोही आडवं आलं म्हनला असता, तं हात झटकल्यावानी झालं असतं."

साहेबांनी ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितलं. टायपिस्टनं 'आलता' कसं लिहू असं विचारलं आणि साहेब म्हणाले, जसं म्हटलं तसं. विमा कंपनीच्या वकिलांनी, मला एवढंच विचारायचं होतं, असं म्हणून फाईल बंद केली. नंतर जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले की एवढी वर्षं हा प्रश्न विचारतोय, पहिल्यांदा कोणी खरं आहे म्हणालं.

पुढचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. मोठा रस्ता त्या एका उत्तरानं बंद झाला. भावाच्या कबुलीवर जोर देऊन मी भांडू शकले असते, पण माझ्याच साक्षीदाराला खोटं पाडून भांडायचं म्हणजे कसं. मी अर्ज दुरुस्त करून घेतला आणि चूक न विचारणाऱ्या कलमाखाली ठरलेली रक्कम मिळवून दिली. त्यातून पाय बसला, थोडं उरलं. भावाची शिक्षा मात्र राहिली, कारण आपण होऊन दिलेली कबुली सहसा मागं घेता येत नाही. एसटीची यादी पुढं सरकली आणि तो पिकअपवरच राहिला. नवरा बरेच महिने माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस त्याच्या गावचा, मळणीयंत्रात बोटं गेलेला एक माणूस घेऊन माझ्याकडे आला आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, याचं पाहा म्याडम.

त्या दिवशी मात्र खामगावच्या कोर्टाच्या वऱ्हांड्यात मी तिच्यावर चिडले होते. बाकावर तिच्याशेजारी बसून मी तिला तिनं काय घालवलं ते सांगितलं. मोठी भरपाई म्हणजे काय असतं, पाय दर काही वर्षांनी बदलावा लागतो, म्हातारपणी कोण बघतं, सगळं. नवरा आमच्यासमोर उभा होता. माझं ऐकून झाल्यावर, चहा आणतो म्हणून तो फाटकाकडे गेला, आणि चालताना त्याचा खांदा एका बाजूला झुकलेला दिसला.

मी शेवटी विचारलं, आता कशासाठी बोललीस? त्याची शिक्षा तर होऊन गेली. नोकरी तर गेलीच. तुझ्या बोलण्यानं त्याचं काय वाचलं?

ती म्हणाली, "त्यानं त्या कोर्टात माह्यासाठी खोटं सांगतलं. मीबी सांगतलं असतं, तं खरं कोनाजवळ राह्यलं असतं?"

मी फाईल बांधायला घेतली.

भाऊ दालनाच्या दारातून निघून हळूहळू आमच्यापाशी आला. इतके महिने मी त्याला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, कोर्टाच्या बाकावरचा तो एक दिवस सोडला तर. तो बहिणीच्या पायाशी, फरशीवर उकिडवा बसला. मग तिच्याकडे न बघता बोलायला लागला, आणि मला वाटलं हा तिला आता विचारणार की मग मी कशाला कबूल केलं.

"ताई, मी ब्रेक मारला होता," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "मारला होता का नाही, हेच मले आता समजत नाही. सारे म्हनते तं वाटते, नसन मारला."

"मारला होता," ती म्हणाली. "मी तुह्या मांगंच बसली होती न."